कळ दाबून धरा

त्या दिवशी मॅडम दुकानात शिरल्या तेव्हा मी एका नवरदेवाच्या मामांशी भांडत होते. पत्रिकेत मामांचं नाव आत्याच्या यजमानांच्या खाली छापलं गेलं होतं आणि हा माझाच कावा आहे असा त्यांचा ठाम समज होता. मी मजकुराचा मूळ कागद त्यांच्यापुढे आपटला, त्यांच्या सख्ख्या बहिणीची सही दाखवली आणि वर म्हणाले, "मामा, मी शाई लावते, नाती लावत नाही." मामा तणतणत पायऱ्या उतरले. दारात थांबलेल्या एक बाई तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. त्याच ह्या मॅडम.

लोणावळ्याच्या बाजारात आमचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, त्यांच्यामागे मी चालवते. लग्नाच्या पत्रिका, चिक्कीच्या खोक्यांवरची लेबलं, गणपती मंडळांचे टी-शर्ट, असलं सगळं. चौकटीत ताणलेली बारीक जाळी, जाळीवर शाई आणि रबरी पट्टीने एक ओढ, की खालच्या कागदावर नक्षी उमटते. ही एक ओढ सरळ यायला मला चार वर्षं लागली. आता गप्पा मारता मारता येते, आणि याचा मला गर्व आहे. माझे दोन दुर्गुण घरात सगळ्यांना पाठ आहेत: एक हा गर्व आणि दुसरा राग. पुढे जे झालं त्यात पहिल्याचाच हात मोठा होता.

बाईंनी सॅकमधून एक डबी काढली. त्यात दोन बटर पेपरांच्या मधे काहीतरी पारदर्शक पातळसं होतं. मी चिमटीत उचललं तर दुधावरची साय उचलल्यासारखं वाटलं. फक्त ही साय तुटत नव्हती. ओढली की लांब व्हायची, सोडली की पुन्हा होती तेवढी.

"यावर छापता येईल का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"आधी हे आहे काय ते सांगा."

"त्वचा."

"म्हणजे क्रीमचं लेबल का?"

त्या पुन्हा हसल्या. म्हणाल्या, "नाही हो. ही स्वतःच त्वचा होणार आहे. तुम्ही हिच्यावर तारा छापून दिल्यात तर."

मला वाटलं, बाई थट्टा करतायत. तेवढ्यात त्यांनी दुसरी, आधीच तयार असलेली पट्टी काढली आणि माझ्या मनगटावर बोटाने दाबून बसवली. गोंद नाही, चिकटपट्टी नाही, तरी ती बसली. मी मनगट वळवलं तर माझ्या कातडीबरोबर तिलाही सुरकुत्या पडल्या. दोन मिनिटांनी तर ती लावलेली आहे हेच मी विसरले. मग त्यांनी लॅपटॉप उघडून पट्टीची तार त्याला जोडली, आणि पडद्यावर एक रेघ टणाटण उड्या मारायला लागली. ती माझी नाडी होती.

"फार जोरात चाललीय," त्या म्हणाल्या.

"मामा गेले, पण राग अजून गेलेला नाही," मी म्हणाले, आणि रेघेकडे बघत बसले. मनगटावर शाईच्या चार रेघा, आणि त्या माझ्या आतलं सांगत होत्या! इतकी वर्षं मी छापत होते, पण माझी शाई कधी काही बोलली नव्हती. मी त्यांना बसायला खुर्चीसुद्धा दिली नव्हती, ती दिली, आणि म्हणाले, "कधीपासून येऊ?"

त्यांचं वर्कशॉप सोमाटण्याला होतं. हायवेपासून आत, एका गॅरेजच्या मागे पत्र्याची शेड. बाहेरून बघितलं तर आत टायर ठेवले असतील असं वाटावं. आत मात्र पांढरी फरशी, काचेची कपाटं आणि दारातच चपला काढून पायांत घालायच्या निळ्या पिशव्या नि डोक्याला टोप्या. आठवड्यातले तीन दिवस मी दुकान दुपारी बंद करून लोकलने तळेगावला उतरायची आणि रिक्षाने तिथे जायची. लोणावळ्याहून निघाल्यावर पोचेपर्यंत माझ्या डोक्यात नुसत्या जाळ्या आणि शाया फिरत असायच्या. परीक्षेच्या दिवसांतही माझं एवढं लक्ष कधी लागलं नव्हतं.

ती साय करायची पद्धत ऐकून कुणालाही गंमत वाटेल. दोन पातळ द्रव मोजून एकत्र घोटायची. त्यात बुडबुडे होतात, ते घालवायला भांडं एका यंत्रात ठेवायचं, तिथली हवा ओढली की सगळे बुडबुडे फसफसून वर येतात आणि फुटतात. मग ते काचेवर ओतून पातळ पसरायचं आणि भट्टीत ठेवायचं. भट्टीतून निघते ती साय. तिच्यावर चांदीची शाई छापायची, शाईवर पुन्हा पातळ साय ओतायची, की तारा दोन पदरांच्या मधे जाऊन बसतात. चांदीची शाई म्हणजे खरीच चांदी, अगदी बारीक पूड केलेली. पत्रिकेवर मी चंदेरी रंग आयुष्यभर छापला. खरी चांदी पहिल्यांदाच हातात आली होती.

पहिल्या दिवशी शाई सायीवर बसेचना. तेलकट तव्यावर पाणी पडावं तशी गोळ्या गोळ्या होऊन सरकायची. मी वैतागले, जाळीवर वैतागले, शाईवर वैतागले, शेवटी मॅडमवरही आवाज चढवला. त्या शांतपणे म्हणाल्या, "आपल्याकडे त्याचा इलाज आहे," आणि कोपऱ्यातल्या एका पेटीत ती काच ठेवून त्यांनी खटका ओढला. पेटीच्या खिडकीतून जांभळा उजेड दिसायला लागला. तो उजेड अंगावरून गेला की सायीचा तेलकटपणा जातो आणि शाई धरते. पण हा गुण थोडाच वेळ टिकतो. काच बाहेर काढल्याबरोबर छापलं तर ठीक, हात थबकला तर पुन्हा पहिले पाढे.

मॅडमचा हात थबकायचा. त्या एकेक रेघ जपून, मोजून ओढायच्या. मी म्हणाले, "सरका बाजूला." जांभळा उजेड विझला, काच आली, चौकट बसवली, एक ओढ! जाळी उचलली तर रेघा अशा स्वच्छ की मलाच विश्वास बसेना. मॅडमनी भिंग लावून पाहिलं आणि माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. एवढ्या शिकलेल्या बाई, पण थाप पैलवानासारखी.

तरी ताण दिला की सरळ रेघा तुटायच्या. मॅडमना ते आधीच ठाऊक होतं. त्यांनी नक्षी बदलली आणि सगळ्या तारा नागमोडी काढल्या. सरळ दोरा ओढला की तुटतो, वळणावळणाचा ओढला की आधी वळणं उलगडतात. त्या नागमोडी तारा छापून, वाळवून, दुसरा पदर ओतून आम्ही पहिली पट्टी सोलली आणि माझ्या टाचेला लावली. मी वर मोजा नि बूट घातला आणि सोमाटणे फाट्यापर्यंत चहाला चालत गेले. येताना मुद्दाम उड्या मारल्या. चहावाल्याला वाटलं असेल, बाईला काय झालंय. परत येऊन तारा जोडल्या तर पट्टी शाबूत, आणि शेडमध्ये चालायला लागले तर पडद्यावर माझी टाच! प्रत्येक पावलाला किती दाब आला आणि टाच किती ऊन झाली, सगळं. आम्ही दोघी त्या शेडमध्ये अक्षरशः नाचलो.

त्याच संध्याकाळी मी मॅडमना विचारलं, "पण टाचच का? मनगटावर चांगलं चाललं होतं की."

त्या म्हणाल्या, "ज्यांच्या पायातली संवेदना गेलीय त्यांच्यासाठी. साखरेच्या आजारात पाय बधिर होतात. बूट चावला तरी समजत नाही, जखम झाली तरी समजत नाही. पण कातडी फाटायच्या आधी ती जागा गरम होते. दुसऱ्या पायापेक्षा ऊन लागते. तेवढं आधी समजलं तर पाय वाचतो."

 माझ्या डोळ्यांपुढे माझी मावशी आली.

माझी मावशी टाकवे बुद्रुकला असते. आईची थोरली बहीण. घरची भातखाचरं आहेत आणि तिच्या हाताखाली सुना, पुतण्या, शेजारणी अशी आवणीची, म्हणजे भाताची रोपं लावायची, फौज असते. आवणीच्या ओळीत ती कायम पहिली, आणि बाकीच्यांना "हाल की गं, रोप काय हातात उगवनार हाय व्हय?" म्हणून पिटाळायचा हक्क तिचाच. साखरेचा आजार तिला बरीच वर्षं आहे. तिच्या पायाला काही लागलं की ती म्हणायची, "ह्यो पाय माजा हाय का शेजारनीचा, मलाच कळंना झालंय." आम्ही हसायचो. मग एका उन्हाळ्यात राब भाजताना, म्हणजे रोपांसाठीची जमीन पालापाचोळा पेटवून भाजतात त्या वेळी, ती निखाऱ्यावर उभी राहिली. कातडं जळल्याचा वास सुनेला आला म्हणून समजलं. डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. तळेगावच्या डॉक्टरांनी तेव्हाच स्वच्छ सांगितलं होतं की या पायाला आता एक जखम झाली तर पाऊल राहणार नाही. मावशी त्यावर हसली होती. मी मात्र दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले होते. ती खाचराबाहेर नुसती बसलेली मला कल्पनेतही दिसत नव्हती.

योग असा की मॅडमच्या पट्ट्या वापरून बघायला जे डॉक्टर तयार झाले ते हेच. त्यांनी आपल्या पेशंटांमधून माणसं निवडली, सगळ्यांना नीट समजावून सह्या घेतल्या, आणि त्यात मावशी होती. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी एका गिऱ्हाइकाने पत्रिकेचा रंग तीनदा बदलला तरी मी हूं का चूं केलं नाही.

दोन्ही पायांच्या तळव्यांना पट्ट्या लावायच्या, त्यांच्या तारा पोटरीला बांधलेल्या काडेपेटीएवढ्या डब्यात जायच्या. एखादी जागा जास्त तापली की डबा गुरगुरायचा. मग त्या माणसाने पाय बघायचा आणि डब्यावरचं एकुलतं एक बटण दाबून धरायचं. तसं केलं की घरातल्या फोनवरून डॉक्टरांना आणि आम्हाला निरोप जायचा. निरोप आपोआप का जात नाही, असं मी विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, "उन्हाने तापलं तरी गुरगुरेल. पन्नास खोटे निरोप गेले की डॉक्टर खरा निरोपही बघणार नाहीत. माणसाने बघून ठरवू दे." मला ते पटलं.

आता सूचनांचा कागद हवा होता. मॅडमनी तो इंग्रजीत लिहिला आणि मला म्हणाल्या, "मराठी तुम्ही करा." बस्स! माझ्यातली पत्रिका छापणारी जागी झाली. आमच्या दुकानात शुद्धलेखनाची एक चूक जात नाही. रिसेप्शनला मी स्वागत समारंभ लिहिते, मग गिऱ्हाईक काहीही म्हणो. अलार्मला मी इशारा लिहिलं. आणि बटणाला लिहिलं कळ.

मॅडम म्हणाल्या, "बटण असंच ठेवलं तर? सगळ्यांना कळतं."

"बटण शर्टाला असतं," मी ठसक्यात म्हणाले. "यंत्राला कळ असते. मराठीत लिहायचं तर मराठीत लिहू."

त्यांनी हसून कागद माझ्याकडे सरकवला. मी ते सुंदर टपोऱ्या अक्षरात छापलं, चारी बाजूंनी पातळ किनार काढली आणि मधोमध मोठ्या ठशात ओळ ठेवली: इशारा मिळताच कळ दाबून धरा. मी ती ओळ पाच वेळा मोठ्याने वाचली. काय ऐकायला भारदस्त वाटत होती!

मावशीला पट्ट्या लावल्या त्या दिवशी दवाखान्यात नुसती धमाल होती. डॉक्टरांनी तिला अनवाणी चिखलात उतरायला सक्त मनाई केली आणि गमबूट घ्यायला लावले. ती बूट घालून फरशीवर धबधब चालली आणि म्हणाली, "आता भरती व्हते म्या पोलिसात." पट्टीवर बोट फिरवून तिने विचारलं, "ह्ये तू छापलंय?" मी हो म्हणाले. "पत्रिका छापती तसं?" "तसंच." तिने सगळ्या दवाखान्याला सांगितलं की तिच्या भाचीने तिच्या पायाची पत्रिका छापली आहे. मी कागद वाचून दाखवायला गेले तर तिने तो हातातून काढून घेतला. "चौथी शिकलीया म्या. वाचीन माजी मी."

मग आवणी सुरू झाली. मावळात त्या दिवसांत पाऊस उघडतच नाही, नुसता लोंबत असतो. आठवड्याने पट्ट्या बदलायला मी टाकव्याला गेले. जाताना मनात धाकधूक होती, कारण चिखल, घाम, ओल, कशाचाच भरवसा नव्हता. मावशी खाचरातून वर आली, घराच्या पायऱ्यांवर बसली, आणि मी बूट काढून बघितलं तर दोन्ही पट्ट्या जागच्या जागी! एक कडा उचललेली नाही, एक तार तुटलेली नाही. मी ओरडलेच. आठवडाभरात निरोपही एकही आला नव्हता. माझी छपाई जिंकली होती. मी खुशीत डबा लॅपटॉपला जोडला, नुसतं बघू म्हणून. डबा स्वतःजवळही सगळं साठवून ठेवतो.

डावी टाच चार दिवसांपासून तापत होती. दिवसाला थोडी थोडी जास्त. डबा पुन्हा पुन्हा गुरगुरला होता, आणि बटण एकदाही दाबलं गेलं नव्हतं.

माझा तोल गेला. "मावशी, हे गुरगुरलं नाही का?"

"गुरगुरलं की. लय येळा."

"मग कळ का नाही दाबलीस?"

"दाबली की!" ती म्हणाली.

"कुठे दाबलीस? एकदाही दाबलेली नाही! इथे दिसतंय मला!"

"आगं, दाबली म्हनते न्हवं! चांगली दाबून धरली. गुरगुरलं की दात खाऊन उबी ऱ्हायची, तोंडातनं चकार शबुद न्हाई. जरा येळ कळ काढली की ते बी आपलं गप व्हायाचं."

मला काही उमजेना. तिने कमरेच्या पिशवीतून माझा कागद काढला. प्लास्टिकमध्ये घालून जपून ठेवला होता. माझ्या त्या टपोऱ्या ओळीवर तिने बोट ठेवलं.

"तूच ल्हिवलंय की. कळ दाबून धरा. माज्या पायाला तर कळ येतच न्हाई. म्या म्हनलं, यंत्राला समजत आसल, ते म्हनतंय कळ आलीया. मंग धरली दाबून. त्यात काय आवगड हाय? चार पोरं झाली तवा बी समद्यांनी ह्येच सांगितलं व्हतं."

सून दारात उभी होती. ती हसली नाही, मीही हसले नाही. माझ्या भारदस्त मराठीने माझ्या मावशीला सांगितलं होतं की दुखलं तर गप्प बस, आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आयुष्यभर जे ऐकलं तेच तर कागदावर होतं, वर छापील. मला स्वतःची इतकी चीड आली की हातातला डबा भिंतीवर फेकावासा वाटला. मी मावशीचा पाय मांडीवर घेतला आणि टाच चाचपली. कातडी जाड झालेली, लालसर, आणि हाताला चुलीजवळच्या भांड्यासारखी ऊन लागत होती. फाटली होती की नाही ते मला सांगता येईना. बुटात हात घातला तर आतलं अस्तर टाचेखाली दुमडून त्याची कडक घडी झालेली. त्या घडीवर ती चार दिवस आवणी करत होती.

सुनेने शेजारची गाडी मिळवली. तळेगावपर्यंत मी एक शब्द बोलले नाही, आणि हे मावशीला पायापेक्षा गंभीर वाटलं. "डाक्तर पाय घेतील म्हनून घाबरलीस व्हय?" तिने विचारलं. मी हो म्हणाले. खोटं कशाला बोलू? ती खिडकीबाहेर खाचरांकडे बघत राहिली. वडगाव गेल्यावर हळूच म्हणाली, "म्या बी."

डॉक्टरांनी टाचेवरचं जाड कातडं पापुद्र्या पापुद्र्याने तासलं. मी मावशीचा हात धरून उभी होते, आणि ती मजेत बघत होती, कारण तिला काहीच जाणवत नव्हतं. शेवटचा पापुद्रा निघाला. खाली पाणी धरू लागलेलं होतं, पण कातडी शाबूत होती. डॉक्टर म्हणाले, "अजून दोन दिवस उभ्या राहिल्या असत्या तर आपण वेगळ्या गोष्टी बोलत असतो." मग चष्मा काढून त्यांनी लॅपटॉपवरची ती चढत गेलेली रेघ पुन्हा बघितली, आणि त्यांच्याच अंगात उत्साह संचारला. "बघा की! पहिल्याच दिवशी सांगितलंय हिने. कातडीच्या आधी! अहो, चालतंय हे!"

खरंच, चालत होतं. चाललं नव्हतं ते माझं मराठी. मी मॅडमना फोन करून सगळं कबूल केलं आणि त्या ओरडतील याची वाट बघत राहिले. त्यांनी आधी टाच कशी आहे ते विचारलं. मग म्हणाल्या, "चूक माझीही आहे. दुखतंय हे सांगायचं काम मी त्याच माणसावर सोपवलं ज्याला न सांगायची सवय आहे." दुसऱ्या दिवशी आम्ही बाकीच्या सगळ्या पेशंटांचे कागद परत घेतले, घरोघर जाऊन. आणखी एका आजोबांनीही कळ दाबून धरली होती. नशिबाने त्यांची टाच नुसती चुलीच्या शेकाने तापली होती.

मावशी पुढे बरेच दिवस सक्तीने घरात होती, पाय उशीवर. तिच्याशिवाय आवणी उरकली, आणि ओळी वाकड्या आल्यात हे तिने ओट्यावरून बघूनच सांगितलं. मी आणि मॅडम तिच्या खाटेपाशी बसून नवा कागद लिहायला लागलो. आता निरोप आपोआप जाणार होता, बटण फक्त तो थांबवायला. मी म्हणाले, "मावशी, तूच सांग, काय लिहू?" ती म्हणाली, "इशारा बिशारा नगं. गुरगुरलं आसं ल्हीव, गुरगुरतंयच ते." मी लिहिलं. "पुडं ल्हीव, बसा. जितं आसाल तितं बसा." तेही लिहिलं. मग तिने उशीवरच्या पायाकडे बघितलं आणि म्हणाली, "आन् ल्हीव, दुकत नसलं तरी दुकतंय म्हना. मोट्यानं म्हना." मी तिचेच शब्द, तिच्याच बोलीत, एक अक्षर शुद्ध न करता छापले. किनारही काढली नाही.

भातकापणीला डॉक्टरांनी तिला थोडा थोडा वेळ खाचरात जायची परवानगी दिली. नवे बूट, नव्या पट्ट्या, आणि त्या दिवशी मी नि मॅडम बांधावर. धुकं नुकतंच उठलं होतं, इंद्रायणी भाताचा वास सुटला होता. दहा-बारा बायका ओळीने वाकल्या होत्या, आणि मावशी पुन्हा पहिली. तासाभरात तिची पोटरी गुरगुरली. बांधावरही ऐकू आलं. मॅडमनी माझा दंड घट्ट धरला.

मावशी वाकलेली होती तशीच थांबली. तिने इकडेतिकडे पाहिलं. एवढ्या बायांसमोर, कापणीच्या ऐन ओळीत बसणं म्हणजे काय, ते मला तिच्या पाठीकडे बघूनच समजत होतं. मी हाक मारणार होते, पण मारली नाही.

आणि ती मटकन खाली बसली. बूट काढून फेकला, त्यातून भाताचं एक आडवं काड खाली पडलं, आणि टाच शाबूत होती. ते तिने नंतर बघितलं. त्याआधी तिने मान वर केली आणि सगळ्या खाचराला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "दुकतंय गं बायांनू! माजा पाय लय दुकतूय!" तिचा चेहरा नुसता फुलला होता. पासष्टी उलटलेल्या माझ्या मावशीने पहिल्यांदा दुखतंय म्हणून सांगितलं होतं, आणि ओळीतल्या सगळ्या बायका विळे टाकून तिच्याकडे धावल्या.